डोळस राजा सरफोजी

महाराष्ट्रापासून शेकडो मैल दूर, कावेरी नदीच्या सुपीक खोऱ्यात तंजावर नावाचे प्राचीन नगर आहे. चोळ राजांनी उभारलेल्या बृहदीश्वराच्या भव्य मंदिरामुळे त्याची कीर्ती सर्वत्र पसरली आहे. या तमिळ नगरात एके काळी मराठी राजे नांदत होते. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तेथे भोसल्यांची गादी स्थापिली आणि पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ ती चालली. त्याच गादीवरील दुसरे सरफोजीराजे यांचे हे चरित्र आहे. या राजाने मोठे रणांगण गाजविले नाही, की राज्याच्या सीमा वाढविल्या नाहीत. गादीवर बसल्यानंतर दीड वर्षाच्या आतच राज्यकारभार त्यांच्या हातून गेला. तरीही त्यांचे नाव आजवर आदराने घेतले जाते, आणि आपल्या देशातील नेत्रवैद्यकाचा इतिहास सांगताना तर त्यांना वगळून चालतच नाही.

सरफोजींचा जन्म 24 सप्टेंबर 1777 रोजी भोसले कुळाच्याच एका शाखेत झाला. तंजावरचे राजे तुळजाजी यांस वारस उरला नव्हता. आपला अंतकाळ जवळ आला आहे हे ओळखून त्यांनी 1787 साली या नऊ वर्षांच्या मुलास दत्तक घेतले. मुलाचा सांभाळ कोणी करावा, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. तंजावर येथे श्वार्ट्झ नावाचे एक जर्मन धर्मोपदेशक अनेक वर्षे राहत होते. ते ख्रिस्ती धर्माचे प्रचारक असले तरी त्यांच्या सचोटीविषयी राजापासून रंकापर्यंत सर्वांची खात्री होती. तुळजाजींनी मुलाच्या हिताची चिंता वाहण्याचे काम त्यांच्यावर सोपविले आणि थोड्याच दिवसांत देह ठेवला.

तुळजाजींच्या पश्चात त्यांचे सावत्र बंधू अमरसिंग यांनी गादी मिळविली. दत्तकविधान शास्त्रास धरून झाले नाही, असा निर्णय त्या वेळी देण्यात आला. लहानग्या सरफोजींच्या वाट्याला मग मोठे कष्टाचे दिवस आले. ज्या राजवाड्याचे ते धनी व्हावयाचे, त्याच राजवाड्यात ते जवळजवळ बंदिवान झाले. त्यांचे शिक्षण थांबले, बाहेर हिंडणे-फिरणे बंद झाले. श्वार्ट्झ यांनी मात्र दिलेला शब्द विसरला नाही. मद्रासच्या अधिकाऱ्यांकडे त्यांनी पुनःपुन्हा दाद मागितली. अखेर 1793 मध्ये सरफोजींना मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईस, हलविण्यात आले. तेथे गेरिके नावाच्या दुसऱ्या एका धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली त्यांचा विद्याभ्यास सुरू झाला.

बंद दाराआड ज्याचे बालपण गेले, त्यास उघड्या जगाविषयी केवढे कुतूहल वाटले असेल! सरफोजींनी इंग्रजी भाषा आत्मसात केली. मराठी, संस्कृत, तमिळ व तेलुगू या भाषांचाही त्यांचा व्यासंग होता. पुढे युरोपातील इतर काही भाषांशीही त्यांनी परिचय करून घेतला. भूगोल, ज्योतिष, वनस्पतिशास्त्र, रसायन, शरीरशास्त्र असे अनेक विषय त्यांनी आवडीने अभ्यासले. स्वतःच्या धर्मावरील त्यांची निष्ठा ढळली नाही, आणि परक्या गुरूंविषयीची त्यांची कृतज्ञताही कधी कमी झाली नाही.

दरम्यान दत्तकविधानाचा प्रश्न पुन्हा विचारात घेण्यात आला. विद्वान पंडितांची मते नव्याने मागविण्यात आली आणि ते विधान योग्य ठरले. 29 जून 1798 रोजी सरफोजी तंजावरच्या गादीवर बसले. ज्यांनी यासाठी इतकी खटपट केली, ते श्वार्ट्झ हा दिवस पाहण्यास राहिले नव्हते. चारच महिन्यांपूर्वी, फेब्रुवारीत, त्यांचे निधन झाले होते. राजांनी आपल्या या हितकर्त्याची स्मृती म्हणून फ्लॅक्समन नावाच्या नामांकित इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. मृत्युशय्येवरील श्वार्ट्झ आणि त्यांच्यापाशी उभे असलेले राजे त्यात कोरले आहेत. तंजावरच्या किल्ल्यातील चर्चमध्ये ते आजही पाहावयास मिळते.

राज्यसुख मात्र फार काळ लाभावयाचे नव्हते. ऑक्टोबर 1799 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने राजांशी तह केला. त्या तहान्वये मुलखाचा सर्व कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे राजधानी व तिच्या भोवतीचा थोडा प्रदेश एवढेच उरले. त्यांना ठराविक वार्षिक रक्कम व वसुलाचा पाचवा हिस्सा मिळावा, असे ठरले. त्या वेळी सरफोजी अवघे बावीस वर्षांचे होते. सैन्य नाही, सत्ता नाही, हाती केवळ पैसा आणि मोकळा वेळ. अशा स्थितीत कित्येक राजांनी चैनीत दिवस घालविल्याची उदाहरणे इतिहासात आहेत. सरफोजींनी आपल्या हाती जे उरले होते, ते ज्ञानाकडे आणि लोकांच्या उपयोगाकडे लावले.

त्यांनी राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयाची अतोनात वाढ केली. ताडपत्रावरील व कागदावरील जुनी हस्तलिखिते त्यांनी ठिकठिकाणाहून जमविली आणि युरोपातून हजारो छापील पुस्तके आणविली. 1820 साली ते काशीयात्रेस निघाले, तेव्हा त्यांच्यासोबत मोठा लवाजमा होता. यात्रेहून परत येताना पुण्यासोबत पोथ्यांचा संग्रहही त्यांनी आणला. त्यांनी देवनागरी लिपीतील छापखाना चालविला आणि इसापाच्या गोष्टी मराठीत छापविल्या. महाराष्ट्रात मराठी पुस्तके सर्रास छापली जाऊ लागण्याच्या आधीची ही गोष्ट आहे. ओरत्तनाड येथे मुक्तांबाळ छत्र बांधून तेथे अन्नदानाची व शिक्षणाची सोय केली. भोसले कुळाचा इतिहास त्यांनी 1803 साली बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतींवर मराठीत कोरविला. त्या विस्तीर्ण शिलालेखापुढे उभे राहिले, की तमिळ देशात आपली मायबोली वाचून मराठी माणसाचे मन भरून येते.

या सर्व उद्योगांत राजांना विशेष प्रिय होते ते धन्वंतरी महाल. देवांचा वैद्य जो धन्वंतरी, त्याचे नाव या संस्थेस दिले होते. तेथे माणसांच्या व जनावरांच्या रोगांवरील औषधे तयार होत. आयुर्वेद जाणणारे वैद्य, तमिळ सिद्ध वैद्यकाचे जाणकार, युनानी हकीम आणि पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले डॉक्टर यांना राजांनी एका छताखाली आणले. प्रत्येकाने आपापला अनुभव सांगावा, उपाय करून पाहावा आणि ज्याचा गुण येईल तो टिपून ठेवावा, अशी ही पद्धत होती. या अनुभवांतून पुढे तमिळ भाषेत वैद्यकावरील ग्रंथमाला सिद्ध झाली. तिला राजांच्या नावावरून शरभेंद्र वैद्यमुरै असे म्हणतात. तिच्यातील एक भाग केवळ नेत्ररोगांना वाहिलेला आहे. शरीराची रचना प्रत्यक्ष समजावी म्हणून राजांनी हस्तिदंताचा मानवी सांगाडाही मिळविला होता. प्रेताच्या हाडांस शिवणे त्या काळच्या रूढीस मान्य नव्हते. रूढीशी भांडण न करता आणि जिज्ञासाही न सोडता राजांनी हा मार्ग काढला.

नेत्ररोगांपैकी मोतीबिंदू हा रोग लोकांस सर्वांत अधिक पिडणारा होता. तो काय आहे, हे येथे समजून घेतले पाहिजे. आपल्या डोळ्यातील काळ्या बुबुळाच्या मध्यभागी बाहुली असते. तिच्या मागे मसुराच्या दाण्याच्या आकाराचे, पण त्याहून मोठे, एक पारदर्शक भिंग असते. बाहेरचा प्रकाश या भिंगातून जाऊन डोळ्याच्या मागील पडद्यावर पडतो आणि आपणांस वस्तू दिसते. कच्च्या अंड्यातील पांढरा भाग आरपार दिसणारा असतो, परंतु अंडे उकडले की तोच भाग पांढरा व अपारदर्शक होतो. वय वाढले, की डोळ्यातील भिंगाचेही हळूहळू काहीसे असेच होते. त्यातील प्रथिनांचे सूक्ष्म गोळे बनतात आणि भिंग गढूळ होते. प्रारंभी धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते, दिव्याभोवती वलये दिसतात, रंग फिके वाटतात. पुढे भिंग इतके पांढरे होते, की बाहुलीच्या जागी मोती बसविल्यासारखा भास होतो. यावरूनच मोतीबिंदू हे नाव पडले. हा डोळ्यावर वरून चढलेला पडदा आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. दोष आतल्या भिंगात असतो. म्हणून अंजनाने, मधाने किंवा कोणत्याही थेंबांनी तो धुऊन निघत नाही. त्यावर शस्त्रक्रिया हाच एक उपाय आहे.

हा उपाय आपल्या देशास फार प्राचीन काळापासून ठाऊक होता. सुश्रुतसंहितेत त्याचे वर्णन आहे. जवाच्या टोकासारखी बारीक अग्र असलेली शलाका डोळ्यात घालून वैद्य दृष्टीचा अडथळा दूर सारीत असे. नंतर रुग्णास उताणे निजवून शिंक, खोकला व ढेकर टाळण्यास सांगितले जाई. या क्रियेत गढूळ भिंग डोळ्याबाहेर येत नसे. ते वाटेतून बाजूस ढकलले जाई, इतकेच. प्रकाशास वाट मिळाली, की आंधळ्या माणसास पुन्हा काहीसे दिसू लागे. परंतु भिंगच जागेवर नसल्याने दृष्टी अंधूकच राही, आणि डोळा सुजून वा पिकून कायमचा जाण्याची भीतीही मोठी असे. पुढे 1747 मध्ये फ्रान्समधील जाक दाव्हिएल या शस्त्रवैद्याने डोळ्यास छेद देऊन गढूळ भिंग बाहेर काढण्याची रीत सुरू केली. सरफोजींच्या काळात जगात या दोन्ही रीती चालत असत.

त्या वेळी भूल देण्याचे औषध अद्याप सापडले नव्हते. जंतूंमुळे जखम चिघळते, हेही कोणास माहीत नव्हते. रुग्ण पूर्ण जागा असे आणि त्याच्या उघड्या डोळ्यात शस्त्र शिरे. त्याचे मस्तक मागून घट्ट धरावे लागे. वैद्याचा हात केसभर चुकला, तरी उरलीसुरली दृष्टीही नष्ट होई. असे असूनही दृष्टीच्या आशेने माणसे हे संकट पत्करीत. मुलांचे चेहरे पाहावे, आपल्या हाताने घास घ्यावा, कोणाचा आधार न धरता अंगणापर्यंत जावे, एवढीच त्यांची इच्छा असे.

अशा लोकांवर तंजावर येथे उपचार होत. राजे स्वतः त्यांत मन घालीत आणि शस्त्रक्रियेची उत्तम हत्यारे बाळगीत. परंतु त्यांचे खरे मोठेपण दुसऱ्याच एका गोष्टीत आहे. त्यांनी रुग्णांची नोंद ठेवविली. रुग्णाचा डोळा कसा होता, कोणते उपचार केले आणि पुढे काय झाले, हे कागदावर इंग्रजीत लिहिले गेले. एवढ्यावरच न थांबता चित्रकाराकडून रोगी डोळ्यांची रंगीत चित्रेही काढविण्यात आली. बाहुलीतील पांढुरकेपणा, डोळ्याची लाली, पापणीची सूज हे सारे रंगांनी दाखविले गेले. चाळीसहून अधिक रुग्णांच्या या नोंदी सरस्वती महालात जतन झाल्या आहेत. छायाचित्राची कला त्या वेळी व्यवहारात आलेली नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे या कामाचे महत्त्व कळते.

मुलांनो, नोंद ठेवणे ही साधी गोष्ट वाटेल. पण तिच्यात शास्त्राचे बीज आहे. एखादा वैद्य कितीही कुशल असला, तरी त्याची विद्या केवळ त्याच्या बोटांत राहिली, तर ती त्याच्याबरोबरच संपते. तिची नोंद झाली, की पुढचा वैद्य तेथून पुढे चालू लागतो. यश लिहिणे सोपे असते, परंतु डोळा बरा झाला नाही हे लिहिण्यास प्रामाणिकपणा लागतो. शिवाय या नोंदींतील माणसे सरदार-मानकऱ्यांप्रमाणे इतिहासात नाव मिळावे अशी नव्हती. ज्या काळात बखरकार केवळ राजांच्या लढाया लिहीत, त्या काळात एका राजाने आपल्या प्रजेचे दुखरे डोळे लिहून ठेवविले.

1826 साली कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला आले, तेव्हा राजांची भेट घेऊन ते चकित झाले. लाव्हाझिये, लिनियस, बफाँ अशा युरोपीय शास्त्रज्ञांच्या ग्रंथांविषयी हा हिंदी राजा सहजपणे बोलत असल्याचे त्यांस आढळले. त्यानंतर सहा वर्षांनी, 7 मार्च 1832 रोजी, सरफोजीराजांचे देहावसान झाले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे 1855 मध्ये पुत्राविना वारल्यावर कंपनीने तंजावरचे राज्य खालसा केले. गादी गेली, पण सरस्वती महाल राहिला. 1918 साली तो सर्व लोकांसाठी खुला झाला, आणि आज कोणीही जिज्ञासू तेथे जाऊ शकतो.

सरफोजींच्या पश्चात नेत्रवैद्यकाने मोठी झेप घेतली. 1884 मध्ये कार्ल कोलर या तरुण डॉक्टराने डोळा बधिर करण्याचे औषध शोधले आणि शस्त्रक्रियेतील असह्य वेदना गेली. जंतूंचे ज्ञान झाल्यावर हत्यारे निर्जंतुक होऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात काही वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेसारख्या प्लॅस्टिकचे कण शिरले होते. ते कण डोळ्यास बाधत नाहीत, हे हॅरॉल्ड रिडले या इंग्रज डॉक्टरांनी हेरले. त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग करून त्यांनी 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडन येथे ते प्रथमच रुग्णाच्या डोळ्यात बसविले. काढलेल्या भिंगाच्या जागी नवे भिंग आले आणि शतकानुशतके राहिलेली उणीव भरून निघाली.

या प्रगतीचा लाभ आज खेड्यापाड्यांतील माणसासही घेता येतो. ठाणे जिल्ह्यात कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नाणेघाटाच्या पायथ्याशी, मुरबाड तालुक्यातील वैशाखरे हे गाव आहे. अशा डोंगराळ भागात पायवाटेने चालणाऱ्या, भातखाचरांच्या बांधांवरून जाणाऱ्या वृद्धास दृष्टी मंद झाली, की घराचा उंबरठाही ओलांडवत नाही. वय झाले, आता असेच चालावयाचे, असे म्हणून पुष्कळ आजी-आजोबा गप्प बसतात. शस्त्रक्रियेची भीती हेही त्याचे एक कारण असते. जी गोष्ट माहीत नसते, तिची भीती अधिक वाटते. म्हणून ती कशी होते हे घरातील मुलांनी त्यांस समजावून सांगावे.

प्रथम डॉक्टर डोळे तपासतात. मधुमेह, रक्तदाब यांचीही चौकशी करतात आणि रुग्णाच्या डोळ्यास कोणत्या क्रमांकाचे भिंग लागेल, याचे मोजमाप घेतात. शस्त्रक्रियेपूर्वी थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि औषधाने डोळा बधिर करतात. रुग्ण बहुधा जागा असतो. त्यास दिव्याचा उजेड व हालचाल जाणवते, परंतु वेदना होत नाहीत. सूक्ष्मदर्शकातून पाहत डॉक्टर लहानसा छेद घेतात, गढूळ भिंग काढतात आणि त्याच्या पातळ वेष्टनात नवे भिंग बसवितात. हे काम बहुधा अर्ध्या तासाच्या आत आटोपते आणि रुग्ण पुष्कळदा त्याच दिवशी घरी जाऊ शकतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असेल, तर सामान्यतः आधी एक व काही दिवसांनी दुसरा डोळा करतात. मोतीबिंदू पूर्ण पिकेपर्यंत थांबावे, ही समजूत जुन्या रीतीच्या काळातील आहे. आता दृष्टीअभावी रोजची कामे अडू लागली, की डॉक्टरांच्या सल्ल्याने शस्त्रक्रिया करून घ्यावी. सरकारी रुग्णालयांतून ती विनामूल्य होते.

घरी आल्यावर काही आठवडे थेंब नियमाने घालावे लागतात. थेंब घालण्यापूर्वी हात स्वच्छ धुवावेत. डोळा चोळू नये, त्यात पाणी, धूर किंवा धूळ जाऊ देऊ नये, जड ओझे उचलू नये. पहिले एक-दोन दिवस डोळ्यात थोडे खुपते, पाणी येते आणि अंधूक दिसते. ते हळूहळू ओसरते. वाचनासाठी नंतर चष्मा लागू शकतो. मात्र डोळा फार दुखू लागला, अधिक लाल झाला किंवा दिसू लागलेले पुन्हा कमी झाले, तर क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. डोळ्याच्या मागील पडद्यास किंवा शिरेस दुसरा रोग असेल, तर शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण दिसेलच असे नाही, हेही आधीच विचारून घ्यावे.

तंजावरच्या त्या रुग्णांस यांतील पुष्कळ गोष्टी लाभल्या नाहीत. भूल नव्हती, निर्जंतुक हत्यारे नव्हती, नवे भिंगही नव्हते. जे होते ते एवढेच, की त्यांच्या दुःखाची कोणी विचारपूस केली आणि ते काळजीपूर्वक लिहून ठेविले. सत्ता गेली तरी माणसास करण्यासारखे पुष्कळ उरते, हे सरफोजीराजांनी आपल्या आयुष्याने दाखविले. आपल्या घरी किंवा शेजारी एखाद्या आजीस सुईत दोरा ओवता येत नसेल, अथवा एखादे आजोबा दिव्याकडे पाहून डोळे बारीक करीत असतील, तर त्यांची विचारपूस करावी आणि त्यांस डॉक्टरांकडे घेऊन जाण्याविषयी वडीलधाऱ्यांस सांगावे. एवढे काम तुमच्या वयाच्या मुलासही करता येण्यासारखे आहे.